हातब्रेक आणि दगड

(गावातील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आमच्या वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, देवादिकांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आता एकदा त्या ब्रेकचं सांगा." वहिनी याच वर्गात बसतात. पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. त्या खांबाला का टेकतात, हे तुम्हां बऱ्याच जणांना माहीत आहे. पण सगळी हकीकत थोड्यांनाच ठाऊक आहे. ती आज सांगतो.

मी मास्तर माणूस. जुन्या अकरावीचा मॅट्रिक. मोटारीचे शास्त्र मी शिकलेलो नाही. एक जीप, तिचा एक ब्रेक आणि माझ्या हातून घडलेली एक गोष्ट, एवढेच मला ठाऊक आहे. पण तेवढे नीट ठाऊक आहे.

आपले गाव कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगावर. सपाट जागा म्हटली तर देवळापुढचे पटांगण. बाकी सारा उतार. आज येताना मी वाटेवरच्या गाड्या मोजल्या. जीप, पिकअप, जुन्या मोटारी मिळून नऊ गाड्या. त्यांपैकी सहांच्या चाकाखाली दगड होता. नुसता दगड असेल तर वाईट नाही. उतारावर दगड लावावाच. पण त्या सहांपैकी किती गाड्यांचा हातब्रेक धरतो? ज्याचे त्याने मनाशी उत्तर द्यावे.

आता हकीकत.

आमचे थोरले बंधू तात्या. वडील वारले तेव्हा तात्या चौथीत होते. मी बालवर्गात होतो. दोघांना शिकवण्याची घराची ऐपत नव्हती. तात्यांनी पाटी खाली ठेवली आणि गुरे राखायला गेले. पुढे त्यांनी औत धरले. म्हणून मी मॅट्रिक झालो आणि मास्तर झालो. तात्यांना सही येते, आकडे येतात. पुस्तक मात्र त्यांच्याच्याने वाचवत नसे.

१९९८ साली तात्यांनी एक जुनी जीप घेतली. तेव्हाच ती बारा-तेरा वर्षांची होती. तिने भात वाहिले, खत वाहिले, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या. कराडचा बाजार तिने केला, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणही पाहिले. इंजिन जुने, पण तात्यांचा हात चांगला. दोन-तीन वर्षांत हातब्रेकने तेवढी मान टाकली.

तात्या ती एका गॅरेजात नेत. तिथला पोरगा गाडीखाली शिरे, तार ताणून देई आणि पैसे घेई. आठ-पंधरा दिवस ब्रेक धरी. पुन्हा ढिला तो ढिलाच. असे चार-पाच वेळा झाल्यावर तात्यांनी नाद सोडला. ओढ्यातून एक काळा दगड आणला. एका बाजूने जाड, एका बाजूने निमुळता. गाडी थांबली की तो चाकाखाली सारायचा, निघताना गाडीत टाकायचा. आमच्या घरी त्याला 'जीपचा दगड' असेच नाव पडले. आणि एकदा नाव पडले, की ती गोष्ट घरातलीच होऊन जाते. ब्रेक मोडला आहे असे मग कोणी म्हणेना.

२००६ सालचा मार्गशीर्ष महिना. रविवार होता. मी माडीवरची कौले बघायला शिडी लावली. शिडीचा एक पाय अधांतरी राहत होता. समोर जीप उभी होती, चाकाखाली दगड होता. गाडी गिअरमध्ये आहे हे मला ठाऊक होते. मी म्हटले, घटकाभर दगड घेतला तर काय होते? मी तो ओढून काढला आणि शिडीच्या पायाखाली घातला.

खरोखरच घटकाभर काही झाले नाही. मी वर चढलो. चार कौले सारखी केली. जुन्या इंजिनाचा दम गेलेला असतो, मंडळी. गिअरमध्ये ठेवलेली गाडी ते धरते, पण आतली हवा हळूहळू निसटते आणि गाडी हातभर सरकते. पुन्हा थांबते, पुन्हा हातभर सरकते. मी वरून पाहिले तेव्हा जीप अंगणाच्या कडेला पोचली होती. तिथून पुढे उतार एकदम आहे आणि उताराच्या तळाशी आमचा गोठा. मी ओरडलो. वहिनी गव्हाणीत वैरण टाकत होत्या. त्या वळल्या, पण बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. जीपचे पुढचे लोखंड आणि गव्हाण यांच्यामध्ये त्यांचा डावा पाय सापडला.

मांडीचे हाड मोडले. कराडच्या दवाखान्यात आत सळई घालावी लागली. तीन महिने अंथरूण. आजही चालताना त्यांचा पाय ओढतो आणि जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही. म्हणून तो खांब.

तात्या मला एवढेच म्हणाले, "दगड हलवायचा नव्हता." मी म्हटले, "होय, माझं चुकलं." ते खरेच होते. पण रात्री दवाखान्याच्या ओट्यावर बसलो असताना मनात आले, की सहा वर्षे एका दगडावर आपले घर उभे होते. आज मी काढला. उद्या एखादे पोर खेळायला काढील, परवा गाय शिंग मारून सरकवील.

आता ब्रेकचे काम पाहू. नीट ऐका. कोठे अडले तर हात वर करा.

गाडीला दोन ब्रेक असतात. एक पायाचा, एक हाताचा. पायाच्या ब्रेकमध्ये तेल असते. पाय दाबला की नळ्यांतून तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो. हाताचा ब्रेक तेलावर चालत नाही. तो तारेवर किंवा सळईवर चालतो. दांडी ओढली की तार ओढली जाते. दोन ब्रेक वेगळे ठेवण्याचे कारण उघड आहे. तेलाची नळी फुटली तरी दुसरा ब्रेक शिल्लक राहावा. आणि पायाचा ब्रेक दाबून धरायला माणूस बसलेला लागतो. हातब्रेक माणूस उतरून गेल्यावरही धरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही सांगितले आहे, की गाडी उभी करून चालक खाली उतरला तर इंजिन बंद हवे, आणि गाडी आपोआप सुरू होणार नाही किंवा सरकणार नाही अशी तजवीज केलेली हवी.

तार ओढल्यावर पुढे काय होते? आत एक लोखंडी ड्रम असतो. भांड्यासारखा पोकळ, फिरणारा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे असतात. त्यांना शू म्हणतात. शूच्या पाठीवर घासणारा जाड पट्टा बसवलेला असतो. त्याला मेस्त्री लोक लायनर म्हणतात. तार ओढली की शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून दाबून धरतो. ड्रम थांबला की चाक थांबले.

आपल्या पिकअपला आणि मारुतीच्या जुन्या व्हॅनला हे काम मागच्या दोन चाकांत होते. जुन्या जीपची तऱ्हा निराळी. जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यासाठी निघालेली गाडी. तिच्यात हातब्रेकचा ड्रम चाकात नसतो. गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून मागच्या चाकांकडे एक लांब दांडा फिरत जातो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्या दांड्याच्या तोंडाशीच हातब्रेकचा एकच ड्रम असतो. दांडा धरला, की मागची दोन्ही चाके धरली गेली.

युक्ती चांगली आहे, पण तिच्यात दोन खोडी आहेत.

पहिली खोड अशी. जॅक लावून मागचे एक चाक उचलले, की हा ब्रेक जवळजवळ कुचकामी होतो. का? दांडा धरलेला असला तरी मागच्या दोन चाकांच्या मध्ये जी दात्यांची पेटी आहे, ती एका चाकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे फिरू देते. दोन्ही चाके जमिनीवर असताना दोघांना एकाच बाजूला फिरावे लागते, म्हणून गाडी थांबते. एक चाक अधांतरी झाले की ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक सुखाने गडगडते. गाडी जॅकवरून खाली येते. अशा वेळी गिअरही उपयोगी पडत नाही, कारण गिअरही त्याच दांड्याला धरतो. म्हणून जीपचे मागचे चाक उचलण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलाच पाहिजे. येथे दगडाला पर्याय नाही.

दुसरी खोड म्हणजे आमच्या जीपचे दुखणे. ड्रम त्या मागच्या पेटीला चिकटून असतो. पेटीत तेल असते. दांडा बाहेर येतो तेथे तेल अडवायला रबराची एक कडी असते. तिला ऑईल सील म्हणतात. ती झिजली किंवा कडक झाली, की तेल थेंब थेंब बाहेर येते आणि नेमके लायनरवर पडते. तेल लागलेला लायनर ड्रमला धरील कसा? हात तेलकट असताना बरणीचे झाकण उघडून पाहा!

हे आम्हांला कोणी सांगितले? आमच्या जीपमध्ये पुढच्या खणात एक पुस्तक होते. पहिल्या मालकाने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. इंग्रजी. तात्यांना ते वाचता येत नव्हते. मला येत होते. आठ वर्षे मी त्या जीपमधून फिरलो, त्या खणात माझा चष्मा ठेवला, पण ते पुस्तक कधी उघडले नाही. वहिनी दवाखान्यात असताना मी ते उघडले. शब्दकोश घेऊन हातब्रेकची तीन पाने मराठीत उतरवायला मला दोन रात्री लागल्या.

मग एका म्हाताऱ्या मेस्त्रींना घरी आणले. गाडी पटांगणात नेली. सपाट जागा मुद्दाम निवडली, कारण ड्रम काढायचा तर तो लांब दांडा आधी सोडवावा लागतो. दांडा सोडला की हातब्रेकही नाही आणि गिअरही नाही. गाडी मोकळी! चारही चाकांना दगड लावल्याशिवाय मेस्त्री खाली शिरले नाहीत.

ड्रम निघाला. मेस्त्रींनी लायनरवर अंगठा दाबून मला दाखवला. काळा आणि चिकट. ते म्हणाले, "मास्तर, तार बिचारी काय करील? इथं तेलाचा घाणा चाललाय." तार ताणली की शू जोराने दाबले जात आणि थोडे दिवस ब्रेक धरी. वरून तेल गळतच होते. गॅरेजच्या पोराने दर वेळी तार पाहिली, आत कोणी पाहिले नाही. आम्हीही पाहायला सांगितले नाही.

तात्या म्हणाले, "पेट्रोलनं धुऊन टाकू." मेस्त्रींनी मान हलवली. लायनर तेल पितो. वरून पुसला तरी गरम झाला की आतले तेल वर येते. तेल प्यालेला लायनर बदलायचाच.

पण नवा लायनर बसवण्याआधी तेल थांबवायला हवे. नाहीतर महिन्याने पुन्हा तेच. मेस्त्रींनी सील बदलले. पेटीत तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले आहे का ते पाहिले. पेटीला श्वास घ्यायला एक बारीक भोक असते, तेही पाहिले. ते चिखलाने पार बुजले होते. पेटी तापली की आतली हवा फुगते; तिला वाट मिळाली नाही तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. काडीएवढे भोक, पण बुजले तर नवे सीलही टिकणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. ड्रममध्ये काळी भुकटी साचलेली असते. ती फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज असे. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि पुढे कॅन्सरसुद्धा होतो. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

यानंतर तार. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. तार ज्या नळीतून जाते तिच्यात पाणी शिरते, गंज धरतो. अशी तार ओढायला जड जाते, आणि ओढली तर परत येत नाही. आमची तार दोन ठिकाणी पिंजली होती. नवी आणली.

आता जुळवणी. मेस्त्री म्हणाले, "वाचा मास्तर, काय लिहिलंय." मी वही उघडली. आधी दांडी पूर्ण सोडायची. तार ढिली ठेवायची. मग ड्रमजवळच्या दातेरी चाकीने शू फाकवायचे, ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत. मग पुस्तकात सांगितले तितके दाते चाकी मागे फिरवायची, म्हणजे ड्रम मोकळा फिरतो. आणि हे झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, तारेची ढिलाई काढायची. आधी शू, मग तार. गॅरेजचा पोरगा उलटे करीत होता. तारेनेच शू ओढून ठेवले, तर ते सदा घासत राहतात, ड्रम तापतो, लायनर लवकर मरतो. मागच्या चाकांत ड्रम असलेल्या गाड्यांचाही साधारण हाच क्रम. दात्यांचा आकडा मात्र ज्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. माझ्या वहीतला आकडा तुमच्या पिकअपला लावू नका.

तुम्ही म्हणाल, आमचा ब्रेक कशाने बिघडला ते कसे ओळखावे? दांडीच सांगते. दांडी ओढताना कट् कट् असा आवाज येतो. तो दातेरी पट्टीवरच्या खटक्याचा. दांडी फार लांब आली, खूप कट् वाजले आणि तरी ब्रेक धरला नाही, तर लायनर झिजले आहेत किंवा तार ढिली आहे. दांडी थोडक्यात घट्ट झाली, तरीही गाडी सरकते, तर लायनरवर तेल आहे किंवा तार गंजून मध्येच अडकली आहे. दांडी ओढून सोडली आणि ती आपोआप मागे गेली, तर पट्टीचे दाते किंवा खटका झिजला आहे. तेथे तार ताणून काही होणार नाही. आणि ब्रेक सोडल्यावरही गाडी जड चालली, मागून जळका वास आला, तर तार परत आलेली नाही.

पिकअपवाल्यांनो, तुमच्या गाडीत एकच चाक आतून ओले दिसले, तर ते ब्रेकचे तेल आहे की मागच्या धुरीचे, हे मेस्त्रींकडून पाहून घ्या. ब्रेकचे तेल असेल तर तुमचा पायाचा ब्रेकही धोक्यात आहे. ते काम उद्यावर टाकू नका. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी ठेवा, दगड लावा आणि हातब्रेक सोडून ठेवा. नाहीतर लायनर ड्रमला गंजाने चिकटतात.

ब्रेक दुरुस्त झाला की पारख करायची. साधा उतार घ्या. खालच्या बाजूला माणूस, गुरे, घर काही नको. चालकाने जागेवर बसावे, पाय ब्रेकवर तयार ठेवावा. हातब्रेक ओढून गाडी न्यूट्रल करावी आणि पाय हळूहळू उचलावा. एकदा गाडीचे तोंड वर, एकदा खाली. दोन्हीकडे धरला पाहिजे. जीपवाल्यांनी चालत्या गाडीला हातब्रेक ओढून पारख करू नये. सगळा झटका त्या दांड्यावर आणि त्याच्या सांध्यांवर बसतो.

आणि ब्रेक चांगला असला तरी उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर मागचा गिअर. पुढची चाके दरडीकडे वळवलेली. आणि दगड. होय, दगडही. आमचा तो काळा दगड अजून आहे. फरक एवढाच, की आता ब्रेक धरतो आणि दगड त्याच्या सोबतीला असतो.

आमच्या दुरुस्तीला किती खर्च आला, असे मागे एकाने विचारले होते. सील, लायनर, तार आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, तो दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या बिलापेक्षा कमी होता.

तात्यांनी त्यानंतर एक वही केली. दर बाजाराच्या दिवशी सकाळी ते दांडी ओढतात, कट् मोजतात आणि लिहितात. तारीख आणि आकडा. अक्षर वाकडे आहे, पण आकडे स्वच्छ आहेत. पाच, पाच, पाच, सहा. आठ आले की मेस्त्रींना बोलवायचे, हे त्यांनी ठरवले आहे. जीप आता फारशी बाहेर जात नाही, पण वही चालू आहे. तात्यांचे डोळे अधू झाल्यापासून ती वहिनी लिहितात. याच वर्गात त्या आकडे शिकल्या.

जीप बाहेर उभी आहे. विजेरी घेऊन सगळे बाहेर चला. एकाने दांडी ओढायची, बाकीच्यांनी कट् मोजायचे. आज गुरुवार, बाजाराचा दिवस. सकाळची नोंद राहिली आहे. वहिनी, वही आणली आहे ना?